राजधानी देशाला पोसते का? हिशेब स्वतः तपासण्याची रीत

लंडन नसतं तर बाकीच्या ब्रिटनला साधे दवाखाने चालवणंही जड गेलं असतं, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. लंडन सगळा देश पिळून घेतं, असं सांगणारेही तितकेच. गंमत म्हणजे दोघांच्या हातात बऱ्याचदा एकच तक्ता असतो. पॅरिस, मॅद्रिद, वॉर्सा, टोकियो या शहरांवरूनही हेच भांडण चालू असतं.

असा दावा समोर आला की तो कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, चिकाटी मात्र लागते. माझं मत आधीच सांगून टाकतो. श्रीमंत राजधानीतून जमा होणारा कर तिथल्या सरकारी खर्चापेक्षा जास्त असतो, हे बऱ्याच देशांत खरं आहे. पण तो किती जास्त, हे हिशेब मांडणाऱ्याने घेतलेल्या चार-पाच निर्णयांवर ठरतं. ते निर्णय तक्त्यात दिसत नाहीत, तळटीपांत दडलेले असतात. म्हणून वाचायला सुरुवात तळटीपांपासून करायची.

पायरी १: दावा कशाबद्दल आहे ते आधी ठरवा

एकाच वाक्याखाली तीन वेगवेगळे दावे खपवले जातात.

पहिला दावा वित्तीय शिल्लकीचा. राजधानीतल्या लोकांनी आणि धंद्यांनी भरलेले सगळे कर एका बाजूला, त्यांच्यासाठी झालेला सगळा सरकारी खर्च दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींतला फरक. ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून प्रत्येक प्रदेशाचा असा जमाखर्च प्रसिद्ध करतं. पहिल्याच हिशेबात, म्हणजे २०१५-१६ या वर्षासाठी, लंडनची शिल्लक सुमारे २६.५ अब्ज पौंड निघाली. लंडनशिवाय फक्त आग्नेय आणि पूर्व इंग्लंड हे दोन प्रदेश शिलकीत होते, बाकी सगळे तुटीत.

दुसरा दावा कायद्याने ठरलेल्या वर्गणीचा. पोलंडमध्ये श्रीमंत महापालिका आणि प्रांतांकडून रक्कम कापून गरीब भागांना द्यायची पद्धत २००० च्या दशकात आली. लोकांनी तिला नाव दिलं ‘यानोशिकोवे’. यानोशिक हा लोककथांतला, श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा दरोडेखोर. वॉर्सा ज्या प्रांतात आहे त्या माझोव्हियाला मंदीच्या वर्षांत ही वर्गणी इतकी जड झाली की प्रकरण घटना न्यायाधिकरणाकडे गेलं, आणि मार्च २०१४ मध्ये प्रांतांपुरते ते नियम घटनाबाह्य ठरले. इथे निदान पैसा कुठून कुठे गेला हे दिसायचं. ब्रिटनमध्ये लंडन हा प्रदेश वेल्सला असा धनादेश देत नाही. सगळा कर राष्ट्रीय खजिन्यात एकत्र होतो आणि तिथून खर्च होतो. शिल्लक हा नंतर मागे वळून केलेला हिशेब असतो.

तिसरा दावा मोठा आणि सगळ्यात ढिला: राजधानी नसती तर देश गरीब झाला असता. त्याकडे शेवटी येऊ.

जर्मनी ही या सगळ्यावरची उतारा-गोळी आहे. तिथली राजधानी देणारी नाही, घेणारी आहे. राज्यांमधल्या समानीकरणात, म्हणजे श्रीमंत राज्यांचा पैसा गरीब राज्यांकडे वळवण्याच्या व्यवस्थेत, बर्लिन वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं घेणारं राज्य राहिलं आणि बव्हेरिया सगळ्यात मोठं देणारं. त्यात बर्लिनसारख्या शहर-राज्यांतला (जे शहर स्वतःच एक राज्य आहे) प्रत्येक रहिवासी १.३५ माणसं म्हणून मोजला जातो, कारण शहर चालवण्याचा माणशी खर्च जास्त, असा युक्तिवाद. २०२० पासून राज्याने राज्याला थेट पैसे देण्याची जुनी रीत बंद झाली आणि तेच काम विक्रीकराच्या वाटपातून होऊ लागलं. आणि आज कुरकुरणारा बव्हेरिया युद्धानंतर कित्येक दशकं स्वतः घेणाऱ्यांच्या रांगेत होता.

पायरी २: शहर कुठे संपतं ते विचारा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक उडी मारून पुढे जातात. अर्धा घोळ इथेच होतो.

ज्याची नोकरी राजधानीत आणि घर शेजारच्या प्रदेशात, त्याचा आयकर कुणाच्या खात्यात? ब्रिटनच्या हिशेबात तो राहत्या पत्त्यावर जातो. म्हणजे रोज सकाळी आगगाडीने लंडनला जाऊन बँकेत काम करणारा माणूस आग्नेय इंग्लंडची शिल्लक वाढवतो. आता वरची तीन नावं पुन्हा पाहा: लंडन, आग्नेय, पूर्व. लंडनच्या नोकऱ्यांवर जगणारा पट्टा वेगळा मोजला की लंडनचा वाटा कमी दिसतो. एकत्र केला की ‘राजधानीचा प्रदेश’ सगळ्या देशाविरुद्ध उभा राहतो. दोन्ही मांडण्या चालतात, पण दावा करणाऱ्याने कुठली घेतली हे सांगायला हवं.

वॉशिंग्टनची गोष्ट आणखी विचित्र आहे. शहरात काम करणारे असंख्य लोक मेरिलँड आणि व्हर्जिनियात राहतात, आणि १९७३ च्या स्वराज्य कायद्याने शहराला बाहेर राहणाऱ्यांच्या उत्पन्नावर कर लावायला मनाई आहे. दिवसभर रस्ते आणि पोलीस शहराचे, संध्याकाळी कर शेजारच्या राज्याचा. त्यामुळे शहराचं माणशी उत्पादन आकाशाला भिडलेलं दिसतं. बाहेरून येणाऱ्यांचं उत्पादन मोजलं जातं शहरात आणि डोकी मोजली जातात बाहेर.

सीमारेषा हलवून खरोखरचा पैसा मिळवल्याचं उदाहरणही आहे. वॉर्साच्या श्रीमंतीमुळे अख्खा माझोव्हिया युरोपीय संघाच्या तक्त्यात श्रीमंत दिसायचा आणि मागासलेल्या भागांसाठीच्या निधीला मुकायचा, जरी राजधानीपासून तासा-दोन तासांवरची गावं गरीबच होती. २०१८ पासून आकडेवारीसाठी त्याचे दोन भाग झाले: राजधानी आणि तिचं लगतचं क्षेत्र एक, उरलेला माझोव्हिया दुसरा. हंगेरीने बुडापेस्ट आणि भोवतालच्या पेश्त परगण्याचं असंच केलं.

पायरी ३: जमेची बाजू कर वेगवेगळा करून पाहा

एकूण कराचा आकडा घेऊ नका, कराचे प्रकार मागा. ब्रिटनमध्ये आयकर, राष्ट्रीय विम्याची वर्गणी आणि मूल्यवर्धित कर हे तिघं मिळून महसुलाचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग उचलतात. पहिले दोन पगारपत्रकावरून कळतात, म्हणून त्यांचं वाटप बऱ्यापैकी भरवशाचं. मूल्यवर्धित कराचं वाटप घरखर्चाच्या पाहणीवरून होतं, तेही ठीक.

खरा खडा लागतो कंपनीकरात. कंपनीचं मुख्यालय राजधानीत, कारखाना दुसरीकडे, दुकानं देशभर. कर भरला जातो मुख्यालयाच्या पत्त्यावरून. तो सगळा राजधानीच्या नावावर टाकला की राजधानी दाता म्हणून झळकते, आणि ज्या गावात माल तयार झाला ते गाव फुकटखाऊ ठरतं. जबाबदार हिशेबात हा कर कामगारसंख्या किंवा प्रत्यक्ष नफ्याच्या ठिकाणानुसार वाटतात. ‘आमच्या शहरातून इतका कर गोळा होतो’ असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न हाच: गोळा होतो की कमावला जातो?

खनिज तेलाचं असंच. उत्तर समुद्रातल्या तेलाचा महसूल लोकसंख्येनुसार वाटायचा की समुद्रातल्या भौगोलिक रेषेनुसार? ब्रिटिश कार्यालय दोन्ही तक्ते देतं. स्कॉटलंडचा चेहरा त्या दोन तक्त्यांत ओळखू न येण्याइतका बदलू शकतो.

पायरी ४: खर्चाची बाजू, ‘कुठे’ की ‘कुणासाठी’

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात मोठे आकडे इथेच फिरतात.

मंत्रालयातल्या कारकुनाचा पगार राजधानीत खर्च होतो, पण तो काम करतो सगळ्या देशासाठी. त्याचा पगार राजधानीवरचा खर्च म्हणायचा का? एक पद्धत म्हणते, पैसा जिथे पडला तिथे मोजा. दुसरी म्हणते, फायदा ज्याला झाला त्याच्या नावावर टाका. ब्रिटन बहुतांशी दुसरी वापरतो: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, राष्ट्रीय कर्जावरचं व्याज हे सगळं डोकी मोजून सगळ्यांवर वाटलं जातं.

स्पेनमध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर उभ्या राहिल्या. २०११ या एकाच वर्षासाठी कॅटलोनियाच्या सरकारने पहिल्या पद्धतीने आपल्या प्रदेशातून सुमारे १५ अब्ज युरो बाहेर गेल्याचं दाखवलं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ११ अब्ज. केंद्रीय अर्थमंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या, दुसऱ्याच पद्धतीच्या हिशेबात तोच आकडा साडेआठ अब्जांच्या जवळ आला. आणि त्याच केंद्रीय हिशेबात मॅद्रिद प्रदेशातून बाहेर गेलेली रक्कम १६ अब्जांहून जास्त होती, म्हणजे कॅटलोनियाच्या जवळजवळ दुप्पट. फायद्याच्या पद्धतीत मंत्रालयांचा खर्च राजधानीच्या खात्यातून निघून देशभर पसरतो, म्हणून राजधानी जास्त मोठी दाती दिसते.

आता एक बारीक गोष्ट, जी मला तरी या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मजेशीर वाटते. तोच मंत्रालयातला कारकून घ्या. फायद्याच्या पद्धतीत त्याचा पगार हा खर्च म्हणून देशभर वाटला गेला. पण त्या पगारावरचा आयकर? तो राहत्या पत्त्यावर, म्हणजे राजधानीच्या जमेत. तो बाजारात जी खरेदी करतो त्यावरचा मूल्यवर्धित करही राजधानीच्या जमेत. एकाच माणसाचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर आणि उत्पन्न एकाच खात्यात. यात फसवणूक नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. पण हजारो सरकारी नोकर, त्यांच्यासाठी काम करणारे वकील, सल्लागार, कंत्राटदार हे सगळे मोजले की राजधानीच्या शिलकीचा काही भाग हा राष्ट्रीय खर्चाचीच परत आलेली सावली असतो. राजधानी दुसरीकडे हलवली तर शिलकीचा तो भाग तिच्याबरोबर जाईल.

मोठ्या प्रकल्पांचा खर्च स्वतंत्र तपासा. लंडनची एलिझाबेथ रेल्वेमार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, खर्च १९ अब्ज पौंडांच्या घरात. टीकाकार ती पूर्ण रक्कम ‘लंडनवरची उधळण’ म्हणून मांडतात. पण त्यासाठी २०१० पासून लंडनमधल्या मोठ्या व्यावसायिक जागांवर जादा कर बसवला गेला होता, आणि मार्गिका पश्चिमेला रेडिंगपर्यंत, पूर्वेला शेनफील्डपर्यंत जाते. दोन्ही ठिकाणं लंडनच्या हद्दीबाहेर. उलट बाजूने हेही खरं, की इंग्लंडच्या प्रदेशांत माणशी सरकारी खर्च लंडनमध्ये वरच्या पातळीवर असतो. लंडन शिलकीत आहे ते कमी मिळतं म्हणून नाही. कर त्याहूनही जास्त भरला जातो म्हणून.

पायरी ५: राष्ट्रीय तूट वजा करा

ही पायरी वगळणारे जाणूनबुजून वगळतात, असा माझा संशय आहे.

हाताने करून पाहू. समजा देशाची लोकसंख्या १ कोटी, त्यातले २० लाख राजधानीत. सरकारचा महसूल १,००० कोटी, खर्च १,१०० कोटी, म्हणजे तूट १०० कोटी आणि ती कर्ज काढून भरलेली. राजधानी महसुलाचे ३० टक्के देते: ३०० कोटी. फायद्याच्या पद्धतीने खर्चाचे २२ टक्के तिच्या वाट्याला येतात: २४२ कोटी. शिल्लक ५८ कोटी. उरलेला देश ७०० देतो, ८५८ घेतो, तूट १५८.

मथळा होणार: ‘राजधानीने देशाची तूट भरली’. पण ५८ ने १५८ भरत नाही. मधले १०० कोटी सगळ्या देशाच्या नावावर काढलेलं कर्ज आहे, आणि ते पुढे राजधानीचे लोकही फेडणार.

प्रदेशाप्रदेशांत खरोखर किती सरकलं हे पाहायचं तर तूट बाजूला काढावी लागते, आणि त्याच्याही तीन रीती आहेत. तूट लोकसंख्येनुसार वाटली तर राजधानीच्या वाट्याला २० येतात. त्या तुटीतही तिने ५८ ची शिल्लक दाखवली, म्हणजे हस्तांतर ७८. सगळा खर्च सारख्या प्रमाणात कापून १,००० वर आणला तर राजधानीला २२० मिळतात आणि हस्तांतर ८०. सगळे कर सारख्या प्रमाणात वाढवून तूट मिटवली तर ती ३३० देते आणि हस्तांतर ८८.

आता मागच्या पायऱ्या यात मिसळा, तूट तशीच ठेवून. खर्च ‘कुठे झाला’ या पद्धतीने मोजला आणि मंत्रालयांमुळे राजधानीचा वाटा २७ टक्के निघाला, तर तिच्यावर २९७ खर्च झाले आणि शिल्लक उरली ३. कंपनीकर मुख्यालयाच्या पत्त्यावर टाकून महसुलातला वाटा ३४ टक्के केला आणि खर्च पुन्हा फायद्याने मोजला, तर शिल्लक ९८. देश तोच, वर्ष तेच, एक रुपयाही इकडचा तिकडे न होता उत्तर ३ पासून ९८ पर्यंत. वादात उतरण्याआधी हा खेळ एकदा स्वतःच्या देशाच्या आकड्यांवर करून पाहावा. आवाज आपोआप खाली येतो.

पायरी ६: वर्ष कोणतं निवडलंय?

एका वर्षाचा तक्ता स्वीकारू नका, किमान दहा वर्षांचा मागा. स्कॉटलंडच्या भौगोलिक हिश्श्याचा तेलमहसूल २०१४-१५ मध्ये सुमारे १.८ अब्ज पौंड होता, भाव कोसळल्यावर २०१५-१६ मध्ये तो जेमतेम ६ कोटी पौंडांवर आला. स्कॉटिश शेतकरी, शिक्षक, परिचारिका यांनी त्या वर्षात काही वेगळं केलं नव्हतं.

राजधान्यांचं तेल म्हणजे वित्तव्यवसाय. तेजीत बोनस, समभागांचा नफा, घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क हे सगळं फुगतं आणि शिल्लकही. पडतीत उलटं. २००८ च्या संकटात ब्रिटिश सरकारने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये ४५.५ अब्ज पौंड ओतले. बँकेचं मुख्यालय एडिनबर्गला, धंद्याचा मोठा भाग लंडनला, ठेवीदार सगळीकडे. हा खर्च कुठल्या प्रदेशाच्या खात्यात टाकाल? उत्तर देणाऱ्याचं राजकारण त्यातून पटकन कळतं. २०२०-२१ मध्ये ब्रिटनने ३०० अब्ज पौंडांहून जास्त कर्ज काढलं. असल्या वर्षाचा तक्ता कुणी पुरावा म्हणून आणला तर नम्रपणे परत द्यावा.

पायरी ७: प्रदेश कर भरत नाहीत, माणसं भरतात

समान पगाराची दोन माणसं घ्या, एक लंडनमध्ये, दुसरं संडरलँडमध्ये. दोघं सारखाच आयकर भरतात. लंडनवर वेगळा कर नाही. लंडनची शिल्लक ही तिथे जास्त कमावणारे लोक जास्त संख्येने राहतात याची बेरीज आहे. ब्रिटनच्या आयकरातला चौथ्या भागाहून मोठा हिस्सा वरचे एक टक्का करदाते भरतात, आणि ते कुठे घरं घेतात हे सांगायला नको.

त्यामुळे ‘लंडनकर देशाला देतात’ या वाक्याने लंडनमधल्या सफाई कामगारालाही दात्यांच्या पंगतीत बसवलं जातं. घरभाडं वजा केल्यावर लंडनमधलं गरिबीचं प्रमाण देशात वरच्या क्रमांकांत असतं. पॅरिसला खेटून असलेला सेन-सँ-दनी हा जिल्हा मुख्यभूमी फ्रान्समधला सगळ्यात गरीब जिल्हा मानला जातो, आणि तो फ्रान्सच्या सगळ्यात श्रीमंत प्रदेशात आहे.

वयाचाही हिशेब करा. राजधानीत माणसं विशी-पंचविशीत येतात, कर भरण्याची वर्षं तिथे काढतात आणि म्हातारपणी समुद्राकाठच्या किंवा गावाकडच्या स्वस्त घरात जातात. शाळेचा खर्च एका प्रदेशाच्या नावावर, निवृत्तिवेतन आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया दुसऱ्याच्या, मधली कमाईची तीस-चाळीस वर्षं राजधानीच्या. एका वर्षाचा तक्ता या माणसाचं आयुष्य तीन तुकडे करून तीन खात्यांत टाकतो.

जपानने या तुकड्यांवर उपाय काढला, जरा तिरपा का होईना. २००८ पासून तिथे ‘फुरुसातो नोझेई’ नावाची सोय आहे. मूळ गावाने वाढवलं, शिकवलं आणि कर मात्र टोकियोला, ही तक्रार तिच्यामागे होती. शहरवासी आपल्या रहिवासी कराचा काही भाग पसंतीच्या गावाला देणगी म्हणून वळवू शकतो. गावं बदल्यात उत्तम मांस, तांदूळ, फळं पाठवू लागली आणि योजनेची बाजारपेठ झाली, ती गोष्ट वेगळी. टोकियोच्या महानगर सरकारला केंद्राच्या स्थानिक वाटप करातून (केंद्र कमी उत्पन्नाच्या स्थानिक सरकारांना देतं तो वाटा) एरवीही काही मिळत नाही, त्यात हा फटका. त्याची नाराजी उघड आहे.

फ्रान्समध्ये हेच उत्पादन आणि उत्पन्न यांच्या फरकातून दिसतं. पॅरिसचा इल-द-फ्रान्स प्रदेश देशाचं सुमारे ३० टक्के उत्पादन करतो, लोकसंख्या १८-१९ टक्के. पण घरांच्या हातात प्रत्यक्ष खर्चायला येणाऱ्या उत्पन्नात त्याचा वाटा पाव हिश्श्याच्याही खाली उतरतो. मधली गळती म्हणजे कर, निवृत्तिवेतनं, बाहेरून येऊन काम करणाऱ्यांचे पगार आणि बाहेरच्या मालकांचा नफा. यातला काही भाग हस्तांतर आहे, काही नुसताच पगार घरी नेणं आहे. अख्खा फरक ‘अनुदान’ म्हणून मांडलेला दिसला तर तो लेख बाजूला ठेवा.

पायरी ८: तक्त्याबाहेरचं

आता तो तिसरा दावा. २०१६ मध्ये कोलोनच्या आर्थिक संशोधन संस्थेने एक गणित मांडलं: पॅरिस वगळलं तर फ्रान्सचं माणशी उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी खाली येतं, आणि बर्लिन वगळलं तर जर्मनीचं ०.२ टक्क्याने वर जातं. मथळ्यांना याहून चांगलं काय हवं! पण ही वजाबाकी आहे, भाकीत नाही. पॅरिस नकाशावरून पुसलं तर तिथले उद्योग, माणसं, मुख्यालयं हवेत विरत नाहीत. लियोंला जातात, ब्रुसेल्सला जातात, काही मरतात. किती, हे वजाबाकी सांगत नाही.

याला बर्लिनचाच इतिहास पुरावा आहे. सीमेन्स बर्लिनची कंपनी, डॉइच बँकही १८७० मध्ये बर्लिनमध्येच स्थापन झालेली. युद्ध आणि फाळणीनंतर एकीचं मुख्यालय म्युनिकला, दुसरीचं फ्रँकफुर्टला गेलं. १९९१ मध्ये संसदेने बर्लिनला सरकार परत आणायचं ठरवलं, सरकार आलंही, पण ही दोन मुख्यालयं परतली नाहीत. राजधानी एकेकाळी जे देत होती ते दुसऱ्या शहरांनी द्यायला सुरुवात केली.

शिल्लक कुठून आली हाही प्रश्न त्याच जातीचा. फ्रान्सचे मुख्य लोहमार्ग १८४२ च्या कायद्यापासून पॅरिसमधून किरणांसारखे फुटतात. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायला पॅरिस गाठावं लागे. देशाच्या पैशाने सगळ्या वाटा एका शहराकडे वळवल्या, मग ते शहर श्रीमंत झालं, आणि आता त्याची शिल्लक त्याच्या एकट्याच्या कर्तबगारीची म्हणून मांडली जाते. दुसऱ्या बाजूने, दाटीचा फायदाही खरा आहे: हजारो कंपन्या, वकील, अभियंते एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असले की तेच काम जास्त मोलाचं होतं, आणि ते मोल विखुरलेल्या गावांत आपोआप तयार होत नाही. या दोन कारणांची टक्केवारी ठामपणे मांडणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पायरी ९: निष्कर्ष एका वाक्यात लिहून काढा

हे सगळं झाल्यावर हाती लागलेलं एकच वाक्य लिहायचं, पण त्यात पाच गोष्टी हव्यात: कोणती सीमा, कोणतं वर्ष, खर्च कुठल्या पद्धतीने वाटला, कंपनीकर कसा वाटला, तूट बाजूला काढली की नाही. आपल्या काल्पनिक देशाचं वाक्य असं होईल: ‘राहत्या पत्त्यावर आयकर, रोजगारानुसार कंपनीकर आणि फायद्यानुसार खर्च धरला, तर त्या वर्षी राजधानीच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आपल्यावरच्या खर्चापेक्षा ५८ कोटी जास्त कर भरला, राष्ट्रीय तूट लोकसंख्येनुसार वाटली तर ७८ कोटी.’ वाक्य लांबलचक आहे, घोषणा म्हणून देता येणार नाही, आणि म्हणूनच ते वापरायचं.

मग समोरच्याचा दावा त्याच साच्यात घाला. पाचपैकी दोन जागा रिकाम्या राहिल्या तर त्याच्याकडे त्या मागा. अहवाल कुणाच्या पैशाने झाला तेही पाहा: राजधानीच्या महापालिकेने किंवा तिथल्या बँकांच्या संघटनेने करवून घेतलेल्या अभ्यासात शिल्लक मोठी निघाली, किंवा फुटून निघू पाहणाऱ्या प्रदेशाच्या सरकारने केलेल्या हिशेबात लूट मोठी निघाली, तर अभ्यास लगेच खोटा ठरत नाही. पण वर सांगितलेल्या प्रत्येक वळणावर त्यांनी कुठली वाट धरली ते तपासायला घ्या. सगळी वळणं एकाच दिशेला गेलेली असतील, तर मूळ आकडेवारी काढून पायरी ५ चं गणित उलट्या निवडींनी पुन्हा मांडा आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून समोर ठेवा.